डॉ. वगैरे यांचं टेबल

मानवजातीने आजवर मिळवलेलं सगळं ज्ञान शेवटी एका महिरपी कंसात मावतं. विधान मोठं आहे, मान्य. पण ते माझं नाही. आमच्या भाचीने ते आमच्याच ओट्यापाशी चहा गाळता गाळता केलं. चहा कपात पडल्यावर तिने पुढचं वाक्य जोडलं, "फक्त तो कंस बंद करायला कोणीतरी विसरलंय, काका. त्यामुळे सध्या ज्ञान सांडतंय."

नीट सांगतो.

माझी बायको बुरशीची शास्त्रज्ञ आहे. भिंतीला ओल आली की लोक वैतागतात, आमच्या बाईसाहेब चष्मा पुसतात. एका बुरशी संशोधन संस्थेत त्यांनी सगळी नोकरी काढली आणि आता निवृत्तीचा महिना समोर उभा होता. मी पाणीपुरवठा खात्यातून आधीच मोकळा झालो होतो, आणि मोकळं झाल्याबरोबर घरातलं एकमेव टेबल गुपचूप ताब्यात घेतलं होतं. एकमेव म्हणजे काय, तर एका टोकाला सुनेची इस्त्री, मधे नातवाने मातीचा केलेला डायनासोर, आणि उरलेल्या जागेत मी, माझं वर्तमानपत्र आणि माझी मतं. बाईसाहेबांना तिथे सूक्ष्मदर्शक ठेवायचा असेल तर डायनासोर तरी हलायला हवा होता किंवा मी तरी. आम्ही दोघंही मुरलो होतो.

आणि सूक्ष्मदर्शक ठेवणं भाग होतं. पुस्तकांच्या बांधणीच्या गोंदावर वाढणाऱ्या एका बुरशीवर त्यांचं काम अर्धवट राहिलं होतं. ही बुरशी इतकी सावकाश वाढते, की तिच्या मानाने संस्थेतल्या बढत्या झपाट्याने होतात. अजून दोनेक वर्षं तिच्याकडे रोज बघत बसलं तर ती काय करते आहे ते कळेल, असं बाईसाहेबांचं म्हणणं.

"घरी नाही का बघता येणार?" मी एकदा विचारलं होतं.

"कुठे?" त्या म्हणाल्या. भांडण नव्हतं ते. त्यांनी खरंच खोलीभर नजर फिरवली आणि परत माझ्याकडे आणली. मी वर्तमानपत्र जरा जवळ ओढलं.

संस्थेत सगळ्यात वरच्या मजल्यावर निवृत्तांसाठी एक खोली होती. खोलीत एक टेबल, एक खुर्ची. तिथे बसणारे जुने गृहस्थ मुलीकडे राहायला गेल्यामुळे ते रिकामं झालं होतं, आणि त्यावर डोळा ठेवून असलेली मंडळी बरीच होती. संचालक हे वादाला भिणारे गृहस्थ. त्यांनी नियम केला, की संस्थेच्या शोधनिबंधांची सूची छापायची, आणि त्या सूचीत ज्या निवृत्त माणसाचं नाव सर्वांत जास्त वेळा येईल त्याला टेबल द्यायचं. मोजणार संगणक. संगणकाला कोणाचा राग-लोभ नसतो, असं त्यांचं मत. त्यांनी संगणक वापरलेला नव्हता.

सूची तयारच होती. ग्रंथपालांनी ती वर्षानुवर्षं एका फाइलमध्ये टाइप करून ठेवली होती, सूचीच्या फाइलींची जी ठरलेली पद्धत असते तीत. प्रत्येक निबंधाची एक नोंद, प्रत्येक नोंदीला महिरपी कंस, त्याच्या पोटात लेखकांचा कंस, शीर्षकाचा कंस, वर्षाचा कंस. फाइल मोजू शकेल असं संस्थेत मात्र कोणी उरलं नव्हतं. बाईसाहेब म्हणाल्या, माझी भाची करेल. संचालकांनी मान डोलावली. नात्यातली आहे म्हणजे चहावर काम होईल, हा त्यांचा हिशेब बरोबर निघाला.

या भाचीला घरात चिमणी म्हणतात. चिमणी आता चाळिशीला टेकली आहे, एका कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करते आणि संध्याकाळी आमच्याकडे येते ती चप्पल न काढता आधी पाच मिनिटं दारातल्या स्टुलावर बसते. तिला पायथन नावाची संगणकाची भाषा येते. मी म्हटलं, जरा बोलून दाखव. तर म्हणाली, "ती बोलत नाहीत काका, लिहितात. आणि मग कपाळावर हात मारतात."

फाइल आणायला मी तिच्याबरोबर गेलो होतो. ग्रंथपाल टेबलामागे बसून एका पुस्तकाचा कणा चिकटवत होते. चिमणी म्हणाली, "सर, फाइल मिळाली की लगेच होईल. मी लायब्ररी वापरणार आहे."

"कार्ड?" ग्रंथपालांनी मान वर न करता विचारलं.

"नाही, म्हणजे पायथनची लायब्ररी. कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम. सूचीची फाइल तिला दिली की ती स्वतःच वाचते, नोंदी वेगळ्या करते, नावं वेगळी करते."

ग्रंथपालांनी ब्रश खाली ठेवला. "स्वतःच वाचते?"

"हो."

"आणि परत करते?"

"लगेच."

"मग ती लायब्ररी नव्हे," ग्रंथपाल म्हणाले आणि पुन्हा गोंद लावू लागले. लायब्ररीतलं कोणीही कधी काही लगेच परत केलेलं त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी चिमणीने फाइल लायब्ररीच्या हवाली केली आणि लायब्ररीने मूठभर निबंध वाचून काम संपल्याचं जाहीर केलं. संस्थेचं आयुष्यभराचं संशोधन मूठभर! चिमणीने शोधलं. सुरुवातीच्याच एका नोंदीत शीर्षकाचा कंस उघडला होता आणि बंद करायचा राहिला होता. त्यामुळे त्याच्या पुढे जे जे टाइप झालं, ते सगळं त्या एका निबंधाचं शीर्षक ठरलं होतं.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे हे शीर्षक सुरू झालं तेव्हा मावशीचं लग्न व्हायचं होतं," चिमणी म्हणाली, "आणि अजून ते संपलेलं नाही."

मी म्हटलं, आमचे खात्यातले अहवाल असेच असायचे.

कंस बंद झाला. मग दुसरा सापडला, मग तिसरा. चिमणी रोज यायची, स्टुलावर बसायची, चहा प्यायची आणि कंस लावायची. डायनासोरला तिने उचलून फ्रिजवर ठेवलं, आणि मी माझी मतं घेऊन बाल्कनीत गेलो. एक दिवस अखेर सगळी फाइल सुरळीत वाचली गेली, मोजणी झाली आणि कोणाच्या नावावर किती निबंध ती यादी पडद्यावर आली.

चिमणीने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मावशी, हे वगैरे कोण गं?"

"कोण?"

"वगैरे. पहिला नंबर. संस्थापकांच्याही पुढे आहेत, जवळजवळ दुप्पट. बुरशी, शेवाळ, ओल, गोंद, एक विषय सोडलेला नाही. संस्था निघाल्यापासून लिहितायत आणि गेल्या महिन्यातही एक निबंध आहे. कोणी म्हातारे गृहस्थ आहेत का?"

बाईसाहेबांनी चष्मा लावला, वाकून यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. स्वतःचं नाव शोधायला त्यांना बराच वेळ लागला. ते तळाशी होतं, चार निबंध. पहिलं नाव ज्यांवर त्यांचं होतं तेवढेच.

चिमणीने त्याच दिवशी संचालकांना यादी पाठवली आणि खाली लिहिलं, की वगैरे हे आडनाव मला संशयास्पद वाटतं, कृपया खात्री करावी. संचालक पत्राची पहिली ओळ वाचतात. पहिल्या ओळीत पहिलं नाव होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सूचनाफलकावर आदेश लागला, की वरच्या मजल्यावरील टेबल संस्थेचे ज्येष्ठ संशोधक डॉ. वगैरे यांना देण्यात येत आहे. डॉक्टर त्यांनी सौजन्य म्हणून आपल्या पदरचं घातलं होतं. सही, शिक्का, सगळं रीतसर.

बाईसाहेब फलकापाशी उभ्या राहून तो वाचत होत्या तेव्हा कॅन्टीनवाला मागे येऊन म्हणाला, "चांगलं झालं हो मॅडम. वगैरे साहेबांनी फार केलंय संस्थेसाठी."

आम्ही ग्रंथपालांकडे गेलो. त्यांनी शांतपणे कपाटातून एक जुनी पुस्तिका काढली, अशा फाइली कशा लिहाव्या ते सांगणारी. "हे वाचा. दोन लेखकांच्या मधे अँड लिहा, मशीनला तो लागतो. मी प्रत्येक ठिकाणी अँड लिहिलाय. पुढे वाचा. लेखक फार असतील आणि बाकीचे गाळायचे असतील, तर शेवटी 'अँड अदर्स' लिहा. मशीन समजून घेतं."

"मग?"

"मग काय? अँड त्यांचा ठेवला. अदर्सचं मी आपल्या भाषेत केलं."

चिमणीने डोळे मिटून घेतले. ते 'अदर्स' म्हणजे लायब्ररीला शिकवलेली खूण, हे तिने मला नंतर समजावलं. तो शब्द दिसला की लायब्ररी समजते, पुढे आणखी माणसं आहेत. 'वगैरे' तिला कोणी शिकवलं नव्हतं. अँडच्या पुढे आलेलं ते नाव, असं तिने सरळ मनाने मानलं.

"पण गाळलीत कशाला हो नावं?" बाईसाहेबांनी विचारलं.

ग्रंथपालांनी दोन्ही हातांची एकेक तर्जनी वर केली. "मॅडम, मी या दोन बोटांनी टाइप करतो. तुमच्या निबंधांवर नऊ-नऊ माणसं. सूचीतल्या पहिल्या चार-दोन नोंदींना घातली सगळी. मग पाठ भरून यायला लागली." बोटं खाली घेत ते म्हणाले, "कोणी वाचेल असं वाटलं नव्हतं."

यावर रागावणार तरी कसं? बाईसाहेबांनी पुस्तिका मिटून परत दिली.

"तुझी लायब्ररी काढून देईल ना गं ती नावं?" मी चिमणीला वाटेत विचारलं.

"काका, फाइलमध्ये जे नाही ते जगातली कुठलीच लायब्ररी काढून देत नाही. मूळ अंक उघडायचे, पहिलं पान बघायचं, टाइप करायचं. दुसरा मार्ग नाही."

अंक तळघरात होते. संस्था बुरशीची, त्यामुळे तळघरात बुरशी भरपूर, आणि ती हटवायची का अभ्यासायची यावर एकमत न झाल्याने ती सुखाने नांदत होती. आम्ही तिघं संध्याकाळी तिथे बसू लागलो. मी अंक काढून नावं वाचायचो, चिमणी टाइप करायची, बाईसाहेब तपासायच्या. मधेच एखाद्या अंकाच्या कण्याशी त्या भिंग घेऊन थबकायच्या आणि आम्ही ताटकळत राहायचो.

"मावशी, तू आत्ता नावं बघ. बुरशी मागाहून."

"अगं, पण ही बघ कशी बसलीये!"

"तिला बसायला टेबल लागत नाही. तुला लागतं."

चार-सहा संध्याकाळी अशा गेल्यावर चिमणी मेटाकुटीला आली. तिच्या कंपनीतही चुकांचा मोसम होता. एकदा मी नावं वाचत असताना तिने हात वर केला. "मावशी, एक बोलू? आपण फक्त तुझी नावं भरू. जिथे तू आहेस तेवढीच. बाकी वगैरे राहू देत, मोजताना मी ते सोडून देईन. तू आपोआप पहिली येशील, काका बाल्कनीतून आत येतील आणि मी एक दिवस झोपेन."

माझ्या मते हा प्रस्ताव अत्यंत समतोल होता. मी तसं म्हणायला तोंड उघडलं, पण बाईसाहेबांकडे बघून जांभई दिली.

त्या हातातल्या अंकाची धूळ पुसत होत्या. "मी इतकी वर्षं वगैरे होते," त्या म्हणाल्या. "मला माहीत नव्हतं, पण होते. आता मी एकटीचंच नाव लिहिलं, तर उरलेल्यांना वगैरे म्हणणारी मी झाले. वाचा हो पुढचं."

मी वाचलं.

सगळी नावं भरून झाली तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी पाठ सरळ करायला मला भिंत लागली. चिमणीने मोजणी चालवली. वगैरे गेले, समूळ गेले. निवृत्तांमध्ये बाईसाहेब तळापासून निघून वर, वर, अगदी वर आल्या होत्या.

दुसऱ्या क्रमांकावर.

पहिला होता एक जुना सहकारी. अर्ध्या नोकरीत स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेला होता, आणि आता बुरशी न लागू देणारा रंग विकतो. ज्या बुरशीवर आयुष्य घातलं तिच्याच मुळावर उठलेला माणूस. एका निबंधाने पुढे.

चिमणीने पडदा जरा मावशीकडे वळवला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मावशी, हा काही निबंधांवर पूर्ण नावाने आहे आणि काहींवर नुसती आद्याक्षरं आहेत. लायब्ररीला ती दोन वेगळी माणसं वाटत होती. मी जोडली."

"बरं."

"मी नाही जोडली तर ते दोघं होतात. दोघंही तुझ्या मागे पडतात." तिने जांभई आवरली. "यात खोटं काही लिहायचं नाहीये. फक्त ती जोडणारी एक ओळ काढायची. कोणाला कळणारही नाही."

तळघरात दिव्याची बारीक गुणगुण चालू होती. मी खाली बघत होतो. एक तर माझंही टेबल पणाला लागलं होतं, आणि दुसरं, या बाईंना मी कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं, दोन्ही हात मांडीवर, रिकामे. वरच्या मजल्यावरचं टेबल, खिडकी, कोणी इस्त्री ठेवणार नाही अशी ती जागा, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर असणार. माझ्याही होतं.

"तो एकच माणूस आहे ना?" बाईसाहेब म्हणाल्या.

"एकच."

"मग जोडलेला राहू दे." आणि मग, पुढचा अंक उचलत, "आळशी होता मेला. पण निबंध त्याचेच आहेत."

सुधारलेली यादी घेऊन आम्ही तिघं संचालकांसमोर उभे राहिलो. त्यांनी ती वाचली, म्हणजे पहिली ओळ वाचली, आणि कपाळ चोळलं. "याप्रमाणे टेबल रंगवाल्यांना जातं."

"हो," बाईसाहेब म्हणाल्या. "त्यांना द्या."

"मॅडम, पण टेबलाचा आदेश मी आधीच काढलाय. वगैरेंच्या नावाने."

"तो चुकीचा आहे."

"चुकीचा आहे, पण निघालेला आहे." संचालकांचा आवाज एकदम थकला. "काढलेला आदेश मागे घ्यायचा तर नियामक मंडळ बोलवावं लागतं. मागच्या वेळी बोलावलं होतं ते फाटकाला रंग कोणता द्यावा यावर बसलं. फाटक अजून तसंच आहे, तुम्ही बघताच." त्यांनी यादी उलटसुलट केली. "यात वगैरे कुठे दिसत नाहीत."

"आता एकदाही नाहीत," चिमणी म्हणाली.

"मग होते कोण ते?"

"आम्ही सगळे," बाईसाहेब म्हणाल्या. "ज्यांची ज्यांची नावं गाळली होती ते."

"रंगवाले त्यात होते?"

"क्वचित. ते नाव पहिलं लावून घ्यायचे."

"आणि तुम्ही?"

"मी बहुतेक सगळीकडे."

संचालकांनी यादी टेबलावर ठेवून पेन उचललं. वादाला भिणाऱ्या माणसाला कधीकधी असा एखादा क्षण लाभतो, की त्यात न्याय आणि आळस एकाच दिशेला असतात. "सूची सुधारलेली छापू," ते म्हणाले. "रंगवाल्यांना पहिला क्रमांक आणि एक प्रत पाठवू, दुकानात लावतील. टेबल वगैरेंचं. तुम्ही वगैरे आहात. बसा जाऊन."

"आणि बाकीचे आले तर?"

"खुर्ची एकच आहे. आपापसात बघा."

वरचा मजला म्हणजे जिन्याची तीन वळणं, आणि सूक्ष्मदर्शक माझ्या हातात. प्रत्येक वळणावर मी तो कठड्यावर टेकवून विज्ञानाला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले. खोली लहान होती. टेबल साधं, कडेला शाईचा जुना डाग, खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसत होती. मी सूक्ष्मदर्शक ठेवला. चिमणीने काचपट्ट्यांचा डबा ठेवला. बाईसाहेब खुर्चीत बसल्या आणि दोन्ही तळवे टेबलावर सपाट ठेवून त्यांनी ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. मधे काही आडवं आलं नाही.

आम्ही दोघं उभेच होतो. अशा प्रसंगी माणूस काहीतरी बोलतो असा माझा समज. चिमणीने फोटोसाठी फोन वर धरला. मी घसा साफ केला, म्हटलं आपणच सुरुवात करावी.

बाईसाहेबांनी चष्मा काढून सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवला, हातांची घडी टेबलावर घातली, तीवर डोकं टेकवलं आणि डोळे मिटले.

"अहो," त्या म्हणाल्या, "जाताना तेवढं दार ओढून घ्या."